मिश्रण आणि शोध : प्लॅस्टिकच्या पेटंटांतील उघडपणाचा वाद

हळद पिवळी आणि चुना पांढरा. पण दोन्ही एकत्र खलले की लाल कुंकू होते. हा तांबडा रंग हळदीत नव्हता आणि चुन्यातही नव्हता. याउलट पोहे, शेंगदाणे, डाळे व खोबऱ्याचे काप एकत्र करून चिवडा केला, तर पोह्यांची चव पोह्यांची आणि शेंगदाण्यांची शेंगदाण्यांची राहते. दोन्ही मिश्रणेच. परंतु पहिल्यात एक नवा गुण उत्पन्न झाला, दुसऱ्यात जुन्याच गुणांची बेरीज झाली. मिश्रित पदार्थांच्या पेटंटांविषयी जे वाद होतात, त्यांचे मूळ या साध्या भेदात आहे.

पण वाद तेवढ्यावर संपत नाही. उद्या कोणी हळद-चुन्याच्या कुंकवावर पेटंट मागितले, तर तेही मिळणार नाही. नवा गुण उत्पन्न होतो हे खरे. पण तो होणार, हे आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणजे प्रश्न एक नसून दोन आहेत. मिश्रणातून बेरजेपेक्षा काही अधिक निघाले काय? आणि निघाले असल्यास, ते त्या विषयाच्या जाणकाराला आधीच सुचण्याजोगे होते काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार उष्णमृदू रेझिनांच्या, म्हणजे तापवले असता मऊ होणाऱ्या व निवल्यावर पुन्हा घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकांच्या, मिश्रणांच्या संदर्भात करावयाचा आहे.

इंदूरच्या विद्यार्थ्याला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. शेजारच्या पीथमपूरला वाहने व त्यांचे सुटे भाग यांचे कारखाने आहेत, आणि अशा भागांत प्लॅस्टिकचा वाटा मोठा असतो. रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकून बाहेर पडणाऱ्या आपल्यापैकी काहींना पुढे दाण्यांच्या पाककृती ठरवण्याचे काम करावे लागेल. त्या वेळी 'ही पाककृती आपली म्हणता येईल काय?' आणि 'ही वापरल्याने दुसऱ्याच्या हक्कावर आक्रमण तर होत नाही ना?' हे दोन्ही प्रश्न समोर येतील.

मिश्रणे कशासाठी करतात?

नवे बहुवारिक (पॉलिमर) प्रयोगशाळेत तयार करून बाजारात आणणे हे फार खर्चाचे व वेळखाऊ काम आहे. त्यापेक्षा हाताशी असलेली दोन-तीन रेझिने एक्स्ट्रूडरमध्ये एकत्र वितळवून त्यांचे दाणे पाडणे स्वस्त पडते. एका रेझिनाला उष्णता सोसते, पण ते साच्यात नीट वाहत नाही. दुसरे छान वाहते, पण ठिसूळ असते. तिसरे चिवट असते, पण महाग. तिघांचे गुण जुळवून हवा तो माल मिळवणे, हा या धंद्याचा गाभा. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांचे मिश्रण हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. बोर्ग-वॉर्नर या अमेरिकी कंपनीला त्यावर १९६४ साली पेटंट मिळाले आणि आज गाड्यांच्या अंतर्भागात व विद्युत उपकरणांच्या आवरणांत असे मिश्रण सर्रास वापरले जाते.

परंतु 'दोन जुन्या वस्तू घेतल्या आणि मिसळल्या' असे जिथे सरळ म्हणता येते, तिथे 'यात शोध तो कोणता?' हा आक्षेपही लगेच येतो. म्हणूनच या क्षेत्रात उघडपणाचे वाद वारंवार उद्भवतात.

कायदा काय म्हणतो?

भारताचा पेटंट कायदा १९७० सालचा. तो २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. त्यापूर्वी १९११ चा कायदा होता. १९७० च्या कायद्यात अन्न, औषधे आणि रासायनिक प्रक्रियांनी तयार होणारे पदार्थ यांबाबत पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त तो करण्याच्या रीतीवर मिळे. ही मर्यादा १ जानेवारी २००५ पासून उठली. या बदलाचे महत्त्व लक्षात घ्यावे. पेटंट रीतीवर असेल, तर दुसऱ्याला वेगळ्या रीतीने तोच पदार्थ करण्यास मोकळीक असते. पेटंट पदार्थाच्या घटनेवर असेल, तर कोणत्याही रीतीने तो केला तरी अडचण येते, आणि ही अडचण अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकू शकते. साहजिकच, ते पेटंट मुळात योग्य आहे की नाही, या प्रश्नाला अधिक धार आली.

मिश्रणाच्या अर्जाला तीन चाळण्यांतून जावे लागते.

पहिली चाळणी नवेपणाची. तीच वस्तू पूर्वी कोठे प्रसिद्ध झाली वा वापरात असेल, तर विषय तेथेच संपतो. हळदीने जखम भरते या गोष्टीवर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, हे आपणांस आठवत असेल. ती लढाई वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढवली. तेव्हा परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते. मूळचे गोव्याच्या माशेल गावचे, आणि विषयाने बहुवारिकांचेच अभ्यासक. परिषदेने पुराव्यादाखल ३२ जुने संदर्भ पुढे ठेवले. तेथील मुख्य मुद्दा 'हे नवे नाही' हा होता. आपला आजचा मुद्दा त्यापुढचा आहे : वस्तू नवी आहे, तशीच्या तशी पूर्वी कोणी केलेली नाही; तरीही तिला शोध म्हणावे काय?

दुसरी चाळणी कलम ३ (ई) ची. जे मिश्रण घटकांच्या गुणांची केवळ गोळाबेरीज असते, ते कायद्याच्या दृष्टीने शोधच नव्हे. ही चिवड्याची चाळणी म्हणता येईल.

तिसरी चाळणी शोधाच्या पायरीची. हिची व्याख्या कलम २ (१) (जेए) मध्ये आहे. उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावे, आणि शिवाय तो शोध त्या विद्येत कुशल असलेल्या व्यक्तीला उघड नसावा, असे ती सांगते. या 'शिवाय'कडे दुर्लक्ष होते. माल स्वस्त झाला, बाजारात खपला, एवढ्याने भागत नाही. तो उघडही नसावा लागतो. ही झाली कुंकवाची चाळणी.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल

उघडपणाविषयी आपल्याकडे ज्या निकालाचा आधार नेहमी घेतला जातो, तो प्लॅस्टिकचा नसून भांड्यांचा आहे. मिर्झापूर येथील हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या फर्मने लेथवर भांडी घट्ट धरून त्यांवर काम करण्याच्या साधनावर व पद्धतीवर १९५१ साली पेटंट घेतले होते. त्याच गावच्या विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या फर्मने त्याला आव्हान दिले. वाद अलाहाबाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ साली न्या. सरकारिया यांनी निकालपत्र लिहिले. ज्ञात वस्तूंची नुसती जुळवाजुळव किंवा कारखान्यातील नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे. ज्ञात वस्तू एकत्र केल्या असतील, तर त्यांतून नवा परिणाम अथवा पूर्वीपेक्षा सरस किंवा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. कसोटी अशी : पेटंटच्या अर्जावेळी उपलब्ध असलेले सर्वसाधारण ज्ञान ज्याच्याजवळ आहे, असा एक जाणता कारागीर किंवा अभियंता कल्पनेत उभा करा. त्याच्यापुढे तीच अडचण ठेवा, पण पेटंटातील उत्तर त्याला दाखवू नका. जुने कागद वाचून त्याला उत्तर सापडले असते काय? मिर्झापूरचे पेटंट या कसोटीला उतरले नाही.

दुसरा निकाल आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे, कारण तो मिश्रणाचाच आहे. मॉन्सॅन्टो विरुद्ध कोरोमंडल इंडॅग हा खटला १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. भाताच्या शेतातील तण मारणारे ब्यूटाक्लोर हे द्रव्य पाण्यात मिसळत नाही. म्हणून ते द्रावक व पायसकारक घालून फवारणीयोग्य करावे लागते. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, ब्यूटाक्लोर आधीच ज्ञात होते आणि पायस करण्याची रीतही ज्ञात होती. मग ज्ञात द्रव्याला ज्ञात रीत लावली, यात शोधाची पायरी कोठे आहे?

हे दोन निकाल वाचून एखाद्याला वाटेल की, दोन ज्ञात रेझिनांच्या मिश्रणाला भारतात कधीच पेटंट मिळणार नाही. तसे नाही. ते का नाही, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहावे लागेल.

लांब साखळ्या सहज मिसळत नाहीत

रंगपंचमीच्या गेरीत राजवाड्यासमोर माणसांचे दोन जथे एकमेकांत शिरले, तर थोड्याच वेळात कोण कुठल्या जथ्यातला हे कळत नाही. आता अशी कल्पना करा की, प्रत्येक जथ्यातील हजार-हजार माणसांनी एकमेकांचे हात घट्ट धरून साखळ्या केल्या आहेत. आता ते जथे एकमेकांत मुरतील काय? साखळ्या एकमेकींच्या कडेने सरकतील आणि जो तो जथा वेगळाच राहील. बहुवारिकांचे असेच आहे. लहान रेणूंच्या द्रवांत मिसळण्याने अव्यवस्था (एन्ट्रॉपी) पुष्कळ वाढते आणि ती मिसळण्यास मदत करते. लांब साखळ्यांत ही वाढ नगण्य असते. त्यामुळे दोन जातींत किंचित जरी दुरावा असला, तरी त्या वेगळ्या राहतात. हगिन्स आणि फ्लोरी यांनी १९४१-४२ च्या सुमारास हा सिद्धांत गणिताने मांडला. म्हणून मिश्रणे बहुधा आतून दुभंगलेली असतात आणि त्यांचे गुण अनेकदा सरासरीहूनही खाली उतरतात.

या पार्श्वभूमीवर नोरिलची हकीकत पाहावी. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ॲलन हे यांनी १९५६ साली पॉलिफेनिलीन ऑक्साइड तयार करण्याची रीत शोधली. हे रेझिन उष्णतेला भक्कम. पण ते मऊ करण्यासाठी इतके तापवावे लागे की साच्यात घालणेच अवघड होऊन बसे. ते साध्या पॉलिस्टायरीनबरोबर कोणत्याही प्रमाणात पूर्णपणे एकजीव होते, असे पुढे आढळले. यातून नोरिल हा माल १९६६ साली बाजारात आला आणि एरिक सिझेक यांच्या नावे या मिश्रणाचे पेटंट १९६८ साली निघाले.

दोन्ही घटक ज्ञात होते आणि वितळवून मिसळण्याची रीतही ज्ञात होती. मॉन्सॅन्टो निकालाची पट्टी वरवर लावली, तर 'यात शोध कसला?' असे म्हणता येईल. परंतु त्या वेळच्या जाणकाराला विचारले असते, तर त्याने 'बहुधा मिसळणार नाहीत' असेच उत्तर दिले असते. पायसाच्या बाबतीत काय होणार हे आधीच ठाऊक होते. येथे जे झाले ते प्रचलित अपेक्षेच्या विरुद्ध होते. या वादांचे मर्म येथे आहे : घटक जुने आहेत की नाहीत यापेक्षा, फळ अपेक्षित होते की नव्हते, याला महत्त्व आहे.

अपेक्षा मोजावी कशी?

'अपेक्षा' हा शब्द मोघम वाटतो. पण आपल्या शास्त्रात तो पुष्कळ अंशी आकड्यांत मांडता येतो. एकजीव मिश्रण कोणत्या तापमानाला काचेसारख्या कडक अवस्थेतून मऊ अवस्थेत जाईल, हे काढण्यासाठी फॉक्स यांनी १९५६ साली एक सोपे सूत्र दिले. मिश्रणाच्या या तापमानाचा व्यस्तांक हा घटकांच्या तापमानांच्या व्यस्तांकांची, वजनाच्या प्रमाणात घेतलेली, बेरीज असतो. तापमाने केल्व्हिनमध्ये घ्यावयाची.

पॉलिस्टायरीनचे हे तापमान सुमारे १००° सें., म्हणजे ३७३ के. पॉलिफेनिलीन ऑक्साइडचे सुमारे २१०° सें., म्हणजे ४८३ के. निम्मे-निम्मे मिश्रण घेतले, तर ०·५ ÷ ३७३ + ०·५ ÷ ४८३ = ०·००२३७६; याचा व्यस्तांक ४२१ के., म्हणजे सुमारे १४८° सें. पॉलिस्टायरीन तीन चतुर्थांश घेतले, तर उत्तर सुमारे १२२° सें. येते.

आता गंमत पाहा. ही दोन रेझिने एकजीव होतात हे एकदा कळल्यावर कोणत्याही प्रमाणाच्या मिश्रणाचे तापमान विद्यार्थीही कागदावर काढू शकतो. मग नंतर कोणी '६३ टक्के पॉलिस्टायरीन असलेले, अमुक तापमानाला मऊ होणारे मिश्रण' असे म्हणून पेटंट मागू लागला, तर ते सर्वस्वी उघड आहे. मिश्रण तेच, पण पहिल्याच्या हातात शोध होता आणि दुसऱ्याच्या हातात फक्त त्रैराशिक. काळ बदलला की उघडपणाची रेघ सरकते. म्हणूनच कायदा 'अर्जाच्या वेळी काय ठाऊक होते?' असा प्रश्न विचारतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका कारखान्यातील रसायनज्ञाने नायलॉन-६ आणि पॉलिप्रॉपिलीन यांचे ७० : ३० मिश्रण केले. आघात सोसण्याच्या चाचणीत नायलॉनला ६ आणि पॉलिप्रॉपिलीनला ३ गुण मिळाले. सरासरीने मिश्रणाला ५·१ मिळावयास हवेत. प्रत्यक्षात मिळाले २, कारण दोघे एकमेकांना धरून राहत नाहीत. मग त्याने ३ टक्के मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन घातले आणि गुण ११ वर गेले.

रसायनज्ञ म्हणेल, 'सरासरी ५·१, आणि मला मिळाले ११. हा चमत्कार नव्हे काय?' प्रतिपक्ष म्हणेल, 'असा सांधणारा घटक घातला की नायलॉन व पॉलिप्रॉपिलीन जुळतात, हे पाठ्यपुस्तकांत आहे. तुम्ही सरासरीशी तुलना करता. तुलना जवळात जवळच्या पूर्वज्ञात मिश्रणाशी हवी.' प्रतिपक्षाचे हे म्हणणे बरोबर आहे. पूर्वीच्या प्रबंधांत अशाच मिश्रणाला १० गुण मिळाल्याची नोंद असेल, तर ११ म्हणजे काहीच नाही. पूर्वीच्या सर्व नोंदी ४ ते ५ च्या घरात असतील आणि या रसायनज्ञाने एखादी विशिष्ट मिसळण्याची क्रमवारी किंवा विशिष्ट रेणुभार वापरून ११ गाठले असतील, तर मात्र त्याची बाजू भक्कम होते.

आणखी एक मुद्दा. प्रयोग फक्त ३ टक्क्यांवर केला आणि पेटंट मागितले १ ते २० टक्क्यांवर, तर तेही टिकणे कठीण. जेवढ्या पट्ट्यावर हक्क सांगावयाचा, तेवढ्या पट्ट्यात तो अनपेक्षित गुण दिसला पाहिजे, आणि पट्ट्याबाहेर तो मावळतो हेही दाखवता आले तर उत्तम. नाहीतर 'ज्ञात पट्ट्यातील सोयीचा आकडा नित्याच्या चाचण्यांनी निवडला' एवढाच त्याचा अर्थ होतो.

अमेरिकेतील १९९५ चा एक निकाल येथे उद्बोधक आहे. सोनी या अर्जदाराच्या प्रकरणात विषय वीजवाहक बहुवारिक मिश्रणांचा होता आणि बहुवारिकाचा रेणुभार १,५०,००० पेक्षा अधिक असावा, ही त्यातील मुख्य अट होती. रेणुभार वाढवला की गुण सुधारतात हे तर ठाऊकच आहे, असे पेटंट कार्यालयाचे म्हणणे. अर्जदाराने मात्र कमी रेणुभाराच्या मिश्रणांशी तुलना करून फरक लक्षणीय असल्याचे आकड्यांनी दाखवले होते, आणि विरुद्ध बाजूचा पुरावा पुढे आला नव्हता. अपील न्यायालयाने अर्जदाराच्या बाजूने निर्णय दिला. पण याच अमेरिकेत २००७ साली केएसआर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेचा इशाराही दिला : ज्ञात घटक ज्ञात रीतीने जोडले आणि अपेक्षित तेच फळ मिळाले, तर ते बहुधा उघडच समजावे. दोन्ही निकालांत विरोध नाही. दोन्हींचा आधार फळाची अपेक्षितता हाच आहे.

पश्चातबुद्धीचा धोका

उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडे सोपे वाटते. उघडपणाचा निर्णय करणाऱ्याला हा दोष सर्वांत लवकर चिकटतो. ड्यू पाँटच्या अतिचिवट नायलॉनचे उदाहरण पाहा. रबर घातल्याने ठिसूळ प्लॅस्टिक चिवट होते, हे पॉलिस्टायरीनच्या अनुभवावरून आधीच माहीत होते. पण साधे रबर नायलॉनला चिकटत नाही. नायलॉनशी बंध जोडू शकेल असे रबर घेऊन त्याचे अतिसूक्ष्म कण नायलॉनभर पसरवणे, हा एप्स्टाइन यांच्या नावे १९७९ साली मिळालेल्या पेटंटाचा गाभा. पुढे १९८५ साली त्याच कंपनीतील वू यांनी दाखवले की, नायलॉन-६६ मध्ये रबराच्या दोन कणांमधील अंतर सुमारे ०·३ मायक्रॉनपेक्षा कमी झाले की चिवटपणा एकदम उसळी घेतो. आज वूंचा सिद्धांत वाचलेल्या विद्यार्थ्याला 'कण बारीक करा, रबर चिकटवा' हे अगदी उघड वाटेल. परंतु १९८५ चे ज्ञान घेऊन १९७९ च्या पेटंटाला उघड ठरवणे, हा अन्याय होय.

हा धोका आपल्या न्यायालयांनीही ओळखला आहे. रोश विरुद्ध सिप्ला या औषधाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली उघडपणा तपासण्याच्या पायऱ्या सांगितल्या. कुशल व्यक्ती कोण ते ठरवावे. पेटंटातील कल्पनेचा गाभा काढावा. त्या व्यक्तीला त्या तारखेचे सर्वसाधारण ज्ञान द्यावे. जुन्यात व नव्यात फरक काय ते मांडावे. आणि शेवटी, पश्चातबुद्धी बाजूला ठेवून, तो फरक उघड होता काय हे पाहावे. २०२२ साली याच न्यायालयाने ॲग्रिबोर्ड प्रकरणात सांगितले की, नुसते 'उघड आहे' असे लिहून अर्ज फेटाळता येणार नाही. जुन्या कागदात काय होते, अर्जात काय आहे आणि एकावरून दुसरे कसे सुचते, हे तिन्ही लिहावे लागेल. त्याच वर्षी प्लॅस्टिकच्या खाचदार फासणीविषयीच्या एव्हरी डेनिसन प्रकरणात, शोध साधा आहे एवढ्यावरून तो उघड ठरत नाही, हेही त्याने स्पष्ट केले.

वाद कोठे चालतो?

मध्य प्रदेशातील अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही विरोध नोंदवू शकतो. पेटंट दिल्याची प्रसिद्धी झाल्यावर आणखी एक वर्षपर्यंत हितसंबंध असलेल्यास विरोधाची मुभा असते. दोन्ही ठिकाणी (कलम २५) आणि पुढे पेटंट रद्द करण्यासाठीही (कलम ६४) उघडपणा हे एक कारण आहे. अपिलांसाठीचे स्वतंत्र मंडळ २०२१ साली बंद झाले. तेव्हापासून अपिले उच्च न्यायालयांकडे जातात. पेटंटधारकाने आक्रमणाचा दावा लावला आणि प्रतिवादीने उलट 'हे पेटंटच रद्द करा' अशी मागणी केली, तर दावा उच्च न्यायालयापुढे जातो.

छोट्या कारखानदाराने हे विशेष ध्यानात ठेवावे. समोरच्याने पेटंटाचा कागद दाखवला म्हणजे सगळे संपले, असे नसते. पेटंट मिळाले म्हणजे ते निर्विवाद झाले, अशी हमी आपला कायदा देत नाही. ज्या मिश्रणात जुन्या गुणांच्या बेरजेपलीकडे काही नाही, त्यावरील हक्कामुळे दहा कारखान्यांची भट्टी थंड होऊ नये, हा विरोधाच्या तरतुदीमागचा हेतू. आणि ज्या रसायनज्ञाने खरोखर कोणाला न सुचलेले करून दाखवले, त्याच्या श्रमाचे फळ 'हे तर आम्हालाही सुचले असते' अशा एका वाक्याने हिरावले जाऊ नये, हा पश्चातबुद्धी टाळण्यामागचा हेतू. दोन्ही पारडी सारखीच मोलाची आहेत. एक जड झाले की दुसऱ्यातील माणूस बुडतो.

विद्यार्थ्यांसाठी चार गोष्टी

पहिली : प्रयोगवहीत तारीख घालून, मिश्रण करण्यापूर्वीच 'काय अपेक्षित आहे आणि का' हे लिहा. 'अनपेक्षित' हा शब्द नंतर कोणीही लिहू शकतो. आधी लिहिलेली अपेक्षा खोटी ठरली, तर मात्र त्या नोंदीचे वजन फार मोठे असते.

दुसरी : घटकांचे वेगवेगळे नमुने, साधे मिश्रण आणि जवळात जवळचे पूर्वज्ञात मिश्रण या सर्वांच्या चाचण्या त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, त्याच साच्यातील नमुन्यांवर करा. तुलनेवाचून मिळालेला मोठा आकडा मुका असतो.

तिसरी : फसलेले प्रयोग खोडू नका. कोणत्या प्रमाणाला गुण कोसळतो हे दाखवणारी नोंदच तुमच्या पट्ट्याची हद्द सिद्ध करते. ज्या दिशेला इतर लोक अपयशी ठरले, त्याच दिशेला तुम्ही यशस्वी झालात, हेही उघडपणाविरुद्धचे चांगले उत्तर आहे.

चौथी : चर्चासत्रात निबंध वाचण्याची किंवा मासिकात लेख देण्याची घाई करू नका. कायद्यात काही सवलती आहेत. पण आधी अर्ज, मग प्रसिद्धी, हा क्रम सर्वांत निर्धोक. तात्पुरता अर्ज दिल्यावर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. तेवढ्या काळात तुलनेचे प्रयोग पुरे करता येतात.

पाककृती पुष्कळांना सुचतात. ती इतरांना का सुचली नसती, हे आकड्यांनी दाखवण्याची तयारी फार थोड्यांची असते, आणि पेटंटाच्या वादात बहुधा तेच टिकतात. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील वही आणि तीत खरे लिहिण्याची सवय, एवढ्यावर सुरुवात करता येते.